कात्री एक, मग 'आर' कशाला?

शेवटच्या_बाकावरून

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. गेली बारा वर्षं कामाचे ईमेल इंग्रजीत लिहितोय, समोरच्याला कळतंही, पण वाचून कुणीतरी गालातल्या गालात हसत असेल ही धास्ती काही जात नाही. काल एका यादीत 'द सिझर्स इज ब्रोकन' लिहिलं. शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीनं हळूच 'इज'चं 'आर' केलं. म्हटलं, अगं, कात्री एकच आहे. ती म्हणाली, तरी 'आर'च. बरं बाबा. खालच्या मेलमध्ये होतं 'द न्यूज आर गुड', तिथे तिनं 'आर' खोडून 'इज' केलं! दोन्ही शब्दांच्या शेवटी 'एस', मग एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा का? कारण विचारलं तर म्हणे, 'कानाला तसंच बरोबर वाटतं.' माझ्या कानाला काहीच वाटत नाही, हीच तर पंचाईत आहे. पाठांतर सोडून काही मार्ग?

मुद्रितशोधक

तुमचा कान ठणठणीत आहे, तो मराठीवर तयार झालाय एवढंच. कात्री, चष्मा, विजार हे आपल्याकडे एकेक नग. इंग्रजीनं त्यात दोन पाती, दोन भिंगं, दोन पाय मोजले. म्हणून सिझर्स, ग्लासेस, ट्राउझर्स यांना 'आर'. 'अ पेअर ऑफ सिझर्स' म्हटलंत की कर्ता 'पेअर' होतो आणि 'इज' चालतं. न्यूज हेही मुळात 'नव्या गोष्टी' अशा अर्थाचं अनेकवचनच. जुन्या इंग्रजी लिखाणात 'न्यूज आर' सापडतं. पुढे लोक त्याला एकच अख्खी वस्तू समजू लागले. मॅथेमॅटिक्स, फिजिक्स, मीझल्स यांनाही 'इज'च.

आपणही काही कमी नाही. गोवर 'आला', पण कांजिण्या 'आल्या'. आजार दोन्ही एकेकच. 'हाल झाले' म्हणतो, एक हाल कुणाचा झालेला ऐकलाय? उलट आपले केस 'पिकले', इंग्रजीत 'हेअर इज ग्रे', डोक्यावर कितीही असोत. (माझ्या बाबतीत आता एकवचनच शोभतं.)

तीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यावरून सांगतो: मराठी माणूस कात्रीवर क्वचित अडतो. तो अडतो 'द लिस्ट ऑफ बुक्स आर रेडी' इथे. याचं कारण आपल्या वाक्यात आहे. आपण म्हणतो 'पुस्तकांची यादी तयार आहे'. षष्ठी आधी येते, खरा कर्ता 'यादी' क्रियापदाच्या बाजूला येतो, चूक व्हायला वावच नाही. इंग्रजीत क्रम उलटा. 'लिस्ट' मागे राहते, 'बुक्स' क्रियापदाला खेटून बसतं, आणि आपलं बोट त्या शेजाऱ्याकडे बघून 'आर' टंकतं. तेव्हा अडलात की वाक्य मनात मराठी करा आणि 'ची-चा-चे'च्या पुढचा शब्द धरा. 'द कलर ऑफ द वॉल्स' म्हणजे भिंतींचा रंग. रंग एक, म्हणून 'इज'.

ही युक्ती 'नंबर'लाही लागू पडते, आणि तिथे भलेभले पडतात. 'द नंबर ऑफ मिस्टेक्स' म्हणजे चुकांची संख्या, 'इज'. 'अ नंबर ऑफ मिस्टेक्स' म्हणजे बऱ्याच चुका, 'आर'.

दोन सवयी मात्र मोडाव्याच लागतील. 'सगळे आले' डोक्यात असतं म्हणून आपण 'एव्हरीवन हॅव कम' लिहितो. तिथे 'प्रत्येक जण आला' असं मनात म्हणा, 'हॅज' आपोआप येईल. आणि 'माझा एक मित्र' वरून 'वन ऑफ माय फ्रेंड इज' होतं. 'माझ्या मित्रांपैकी एक' म्हणा: फ्रेंड्स अनेकवचनी, क्रियापद एकवचनी.

दुसरा_मसुदा

'तीन तास खूप झाले' यातलं 'झाले' इंग्रजीत नेऊ नका. 'थ्री अवर्स इज टू लाँग'. वेळ, अंतर, रक्कम एकत्र ठोक धरली की 'इज'.

पण मुद्रितशोधक, 'डेटा'बद्दल काय? माझे मार्गदर्शक 'डेटा आर' साठी हटून बसतात.

मुद्रितशोधक

मार्गदर्शकांशी भांडू नका, प्रबंधावर सही त्यांची आहे. डेटा हे लॅटिन 'डेटम'चं अनेकवचन, म्हणून शास्त्रीय लिखाणात 'आर' अजून चालतं. संगणकवाल्यांनी ते पाण्यासारखं न मोजता येणारं करून 'इज' रुजवलं. दोन्ही मान्य आहेत, एका लेखात एकच ठेवा. 'अजेंडा'ही तसंच अनेकवचन होतं, आज कुणी 'अजेंडा आर' म्हणत नाही. 'क्रायटेरिया' मात्र अजून अनेकवचनच आहे, एक असेल तर 'क्रायटेरियन'.

सीमारेषेबाहेर

क्रिकेटच्या समालोचनात 'इंग्लंड आर बॅटिंग' ऐकतो. देश तर एक! चूक का?

मुद्रितशोधक

नाही. ब्रिटिश वळणात संघ म्हणजे अकरा माणसं, म्हणून 'आर'. अमेरिकी वळणात 'द टीम इज'. गंमत म्हणजे अमेरिकेच्या स्वतःच्या नावाचंही पूर्वी अनेकवचन चालायचं. गुलामगिरी बंद करणाऱ्या 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीत युनायटेड स्टेट्ससाठी 'देअर' हे सर्वनाम आहे. आज 'द युनायटेड स्टेट्स इज'.

शेवटच्या_बाकावरून

जुने मेल काढून बसलोय. 'द डिटेल्स ऑफ द पेमेंट इज अटॅच्ड' असं किमान चाळीस जणांना पाठवलंय. पेमेंटचे तपशील, म्हणजे 'आर'. कळलं, पण आता झोप उडाली. एक शेवटचं: 'पोलिस'ला 'आर' हे मला माहीत आहे. आणि एकच आला तर?

मुद्रितशोधक

तर तो 'अ पोलिस ऑफिसर', आणि 'इज'. चाळीस जणांची काळजी सोडा, त्यातल्या तिसांनी तेच लिहिलं असतं.