चकती अडकली तर काय?

दादा, मस्टँग गाडीला व्हॉल्व्हवाला एक्झॉस्ट (धूर बाहेर टाकणारा पाइप) बसवला तर पॉवर किती वाढेल, असं तुम्ही विचारलंय. खरं सांगू? नुसता मागचा भाग बदलून पॉवर नावालाच वाढते, पैसा जातो तो आवाजासाठी. पाइपात नाण्यासारखी चकती फिरते, तोच व्हॉल्व्ह; बटण दाबून तो उघडायचा-मिटायचा. बंद असली की धूर मफलरमधून, म्हणजे आवाज दाबणाऱ्या डब्यातून, वळसा घेऊन जातो, उघडली की थेट बाहेर. आमच्या दोस्ताची चकती काजळीनं उघडीच अडकली, अन् पहाटे पाचला सिडकोतली अख्खी गल्ली गॅलरीत! चकती हवेच्या ओढीनं फिरवणारी व्हॅक्यूमची नळी उष्णतेनं तडकते, म्हणून विजेच्या मोटरवालाच घ्या. अन् हो, बटण दाखवून पोलीस सोडत नसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचा दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे, जालना रोड असो की समृद्धी महामार्ग.