ए-विंग: मिरचीची पानं आकसली कोणामुळे?

देशपांडे काकू (ए-३०२): सकाळी सकाळी लिहायला नको वाटतं, पण माझ्या लवंगी मिरचीचा शेंडा परत आकसलाय. वरून कुंड्यांचं पाणी गळायला लागलं की हेच होतं. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. फोटो टाकलाय.

सावंत (ए-४०२): काकू, वर आम्हीच राहतो, नाव घेतलंत तरी चालेल 🙏 पाणी गळतं हे मान्य, पण त्याने पानं आकसत नाहीत.

जोगळेकर (ए-१०४): ग्रिलवरच्या कुंड्या आत घ्याव्यात. एजीएममध्ये ठराव झालेला आहे.

कदम काका (बी-१०१): पानाच्या कडा वर वळल्यात, म्हणजे फुलकिडे. खात्री करायची तर शेंड्याखाली पांढरा कागद धरून दोन टिचक्या मारा. तांदळाच्या कणीहून बारीक, पिवळट किडे पळताना दिसतील. पानं खाली वळली आणि देठ लांबलेले दिसले तर कोळी, म्हणजे कोळ्याच्या जातीची बारीक कीड. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. औषधं दोघांची वेगळी, म्हणून आधी पान कुठे वळलंय ते बघायचं.

तेजस (सी-२०४): इथे मिरची झाडाला कमी आणि माणसांना जास्त लागलीये 😂

देशपांडे काकू (ए-३०२): तेजस, तुझी बाईक माझ्या जागेवर असते त्यावरही एकदा बोलू.

नीता (बी-३०३): काका, माझ्या ज्वाला मिरचीची नवीन पानं बारीक, पिवळट, गुच्छासारखी येतायत. हात लावला की पांढरे किडे उडतात.

कदम काका (बी-१०१): पांढरी माशी. हा बोकड्या रोग दिसतोय, चुरडा-मुरडा म्हणतात तो. हा विषाणू आहे, माशी एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर बसली की पसरतो. झाड बरं होत नाही. आधी संध्याकाळी निंबोळी तेल फवारा म्हणजे माश्या उडणार नाहीत, मग प्लास्टिकच्या पिशवीत झाकून झाड मुळासकट काढा. नुसतं उपटलं तर सगळ्या माश्या शेजारच्या बाल्कनीत.

नीता (बी-३०३): अहो पण त्याला फुलं आहेत! एवढ्यात कसं उपटू?

कदम काका (बी-१०१): ठेवा मग. चार वेड्यावाकड्या मिरच्या मिळतील आणि विंगभर रोग.

नीता (बी-३०३): बोलायची पद्धत असते काका.

शिंदे (सेक्रेटरी): कृपया सौजन्य राखावे.

मीरा (ए-२०३): निंबोळी तेल किती घ्यायचं? मागच्या वेळी पानं करपली.

सावंत (ए-४०२): लिटरला ५ मिली. पण आधी तेलात १-२ मिली पातळ साबण नीट घोटायचा, मग थोड्या कोमट पाण्यात आणि शेवटी उरलेल्या पाण्यात. नुसतं तेल ओतलं की वर तरंगतं, शेवटच्या फवाऱ्यात निव्वळ तेल येतं आणि पान जळतं. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने. ५-७ दिवसांच्या अंतराने तीनदा, कारण अंडी एका फवारणीत मरत नाहीत.

मीरा (ए-२०३): आणि कोळ्यावर पाण्यात विरघळणारं गंधक चालेल ना?

सावंत (ए-४०२): लिटरला २ ग्रॅम. पण तेल फवारल्यावर किमान दोन आठवडे थांबा, दोन्ही एकत्र आलं की पानं होरपळतात. कडक उन्हाळ्यात तर टाळाच.

देशपांडे काकू (ए-३०२): एवढं माहीत असून कुंडीखाली ताटली ठेवणं जमत नाही?

सावंत (ए-४०२): आजच ठेवतो काकू. आणि वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल खरंच सॉरी.

जोगळेकर (ए-१०४): ताटली हा उपाय नाही. ग्रिलवरच्या कुंड्या आत घ्याव्यात. एजीएममध्ये ठराव झालेला आहे.

शिंदे (सेक्रेटरी): ताटलीत साचलेलं पाणी रोज काढून टाका, डासांची तपासणी करणारे येतात तेव्हा उत्तर मला द्यावं लागतं. आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) गच्चीवर धुऊ नका. पावसाळी पाइप तुंबतो.

तेजस (सी-२०४): कबुतरांसाठी लाल तिखट टाकू का? एका दगडात दोन पक्षी.

कदम काका (बी-१०१): पक्ष्यांना तिखट झोंबत नाही. उलट जंगलात मिरचीचं बी तेच पसरवतात. झोंबेल तुला, वाऱ्याच्या दिशेला उभा राहिलास तर.

मीरा (ए-२०३): झाड हिरवंगार, फुलं मात्र गळतात. दर पंधरा दिवसांनी युरिया घालते.

सावंत (ए-४०२): तेच तर. नत्र जास्त झालं की पानं वाढतात, फुलं टिकत नाहीत. युरिया बंद. १२ इंची कुंडीला महिन्यातून दोन मुठी गांडूळखत, पंधरवड्याला एक मूठ राख. पारा ३५ च्या वर गेला तरी फुलं गळतात, म्हणून दुपारी हिरवी जाळी, पण सकाळचं चार-पाच तास ऊन हवंच. पाणी बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच. फुलं आल्यावर सकाळी फांदी हलकेच हलवा, परागीभवन चांगलं होतं.

जोगळेकर (ए-१०४): वरील सर्व चर्चा वाचली. कुंड्या मात्र ग्रिलवरच आहेत.

नीता (बी-३०३): जोगळेकर काका, तुमच्या झाडूच्या काठ्याही ग्रिलवरच असतात.

तेजस (सी-२०४): 🍿

मीरा (ए-२०३): नवीन बी आता लावू की जूनमध्ये?

कदम काका (बी-१०१): जूनमध्ये. बी अर्धा सेंटीमीटर खोल, ट्रेला भोकं हवीत. ज्वाला आठ-दहा दिवसांत उगवते. ओल जास्त झाली की रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात, मग काही उपाय नाही. सहा पानं आली की कुंडीत, आणि वीत-सव्वा वीत वाढल्यावर शेंडा खुडायचा म्हणजे बाजूने फुटेल.

तेजस (सी-२०४): मी भूत जोलोकिया लावणार! तेही आठ दिवसांत?

सावंत (ए-४०२): तीन-चार आठवडे धर. आणि बी काढताना हातमोजे घाल. तिखटपणा बियांपेक्षा त्यांना धरून असलेल्या पांढऱ्या गाभ्यात असतो. तो हाताला लागला की साबणाने धुतला तरी रात्री डोळ्याला हात लावताना आठवण येते.

शिंदे (सेक्रेटरी): ज्यांना रोपं हवीत त्यांनी स्वतंत्र ग्रुप करावा. इथे पाण्याच्या टाकीची नोटीस वर गेली, ती कोणी वाचलेली दिसत नाही. उद्या ११ ते ४ पाणी बंद.