कशेळी (ता. राजापूर): आईबाबांना घेऊन दोन दिवस जायचंय

गर्दीनको: गणपतीपुळ्याची गर्दी नको झालीये. समुद्राजवळचं पण सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं), शांत गाव हवंय. आईबाबा सत्तरीचे, स्वतःची गाडी नाही. कशेळी जमेल का? देवघळीला, म्हणजे तिथल्या कड्याखालच्या किनाऱ्यावर, खाली उतरता येईल?

सडेकर: जमेल. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडीमार्गे साधारण ३५ किमी. एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवा. वयस्कर माणसं सोबत आहेत, तर रत्नागिरीतूनच येण्याजाण्याची गाडी ठरवलेली बरी. औषधं आणि रोख पैसे तिथूनच घ्या. घरगुती जेवण माणसं मोजून रांधतात, म्हणून किती जण आणि मासे चालतात का, हे आदल्या दिवशी कळवा.

रथसप्तमीला कनकादित्याचा (गावच्या सूर्यमंदिराचा) उत्सव असतो, गणपती-शिमग्याला चाकरमानी येतात. हे दिवस आणि मे महिना टाळा. डिसेंबर-जानेवारी उत्तम. देवळात फक्त दर्शन घेऊन निघू नका, शिलाहार राजा दुसरा भोज याच्या शके १११३ च्या ताम्रपटाबद्दल जरूर विचारा.

कातळवाट: आईबाबांनी देवघळी वरूनच पाहावी, सूर्यास्त तिथूनच सुंदर दिसतो. फक्त कड्याच्या टोकाशी जाऊ नका. वरचा जांभा कठीण, पण त्याखालची माती मऊ असते, ती धुपून जाते आणि दगड अधांतरी राहतो. वरून मात्र सगळं सपाट, धड दिसतं.

तुम्ही उतरणार असाल तर आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. त्या दिवशी सूर्यास्ताला खाली नको. पौर्णिमेला १५ ची सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास ओहोटी, पुळण (वाळूचा किनारा) मोकळी. हा अंदाज आहे, थोडं मागेपुढे होतं. दोन्ही बाजूंना कडे आहेत, त्यामुळे पाणी चढू लागलं की लगेच वर या. पोहू नका.

गर्दीनको: पाऊणपटीचं माहीत नव्हतं, आभार! ऑगस्टच्या शेवटी आलो तर?

कातळवाट: सडा फुलांनी भरलेला असतो, पण कातळावर शेवाळ असतं. ओला काळा कातळ दिसला की पाय टाकू नका, गवतावरून चाला. बाबांना काठी द्या. त्या दिवसांत देवघळीला खाली उतरणं नाहीच, समुद्र खवळलेला असतो.