‘न्यू मून’ म्हणजे अमावास्या की चंद्रदर्शन? यूलच्या निमित्ताने शब्दचर्चा

अयनांश :
इंग्रजीतून मराठीत आणताना अडलेलं वाक्य असं आहे : ‘हिवाळी सॉल्स्टिसनंतर जो पहिला न्यू मून येतो, त्याच्या पुढच्या फुल मूनला यूल.’ यूल म्हणजे उत्तर युरोपातल्या ख्रिस्तीपूर्व लोकांचा ऐन थंडीतला उत्सव. आज नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियातली) परंपरा पुन्हा उचलून धरणारे बरेच जण याच नियमाने दिवस काढतात. मराठीत ‘न्यू मून’ला सरसकट अमावास्या लिहितात, ‘सॉल्स्टिस’ला मकरसंक्रांत आणि ‘पेगन’ला मूर्तिपूजक. हे तिन्ही चालतील का?

गणितगंध :
मकरसंक्रांत आधी खोडा. हिवाळी सॉल्स्टिस, म्हणजे वर्षातला सर्वांत लहान दिवस, २१-२२ डिसेंबरला, आपली संक्रांत १४-१५ जानेवारीला. सायन (विषुवबिंदूपासून मोजलेल्या) आणि निरयन (ताऱ्यांपासून मोजलेल्या) राशीत सध्या सुमारे २४ अंशांचा फरक पडलाय, म्हणून हे तीन-साडेतीन आठवडे. वाचक संक्रांतीपासून मोजायला लागला तर यूल बहुतेक वर्षी चांगली महिनाभर पुढे जाईल. ‘हिवाळी अयनदिन’ लिहा, कोणाचा घोटाळा होणार नाही.

पेरं :
‘मूर्तिपूजक’ही नको. लॅटिन ‘पागानुस’ म्हणजे खेडुत, गाववाला. ख्रिस्ती झालेल्या शहरांनी न झालेल्या गावांना मारलेला तो टोमणा. आपल्या ‘गावंढळ’च्या शेजारचा. मूर्तीचा संबंध नाही. शिवाय आजचे लोक तो शब्द स्वतःसाठी हौसेने वापरतात, तेव्हा ‘पेगन’च ठेवा.

चंद्रकोर :
खरा गुंता ‘न्यू मून’चा आहे. खगोलशास्त्रात न्यू मून म्हणजे सूर्य-चंद्राची युती, म्हणजे आपली अमावास्या जिथे संपते तो क्षण. तो डोळ्यांना दिसत नाही. जुन्या लोकांकडे ना पंचांग ना कोष्टकं. त्यांचा महिना आकाशात कोर दिसली की लागत असावा. जुन्या नॉर्स भाषेत ‘न्यी’ म्हणजे वाढता चंद्र आणि ‘निद’ म्हणजे उतरता. देवांनी वर्षं मोजायला ही जोडी केली, असं त्यांच्या काव्यात येतं. आपल्या शुद्ध-वद्यासारखीच ही जोडी, आणि ‘न्यी’चं तोंड अमावास्येकडे नसून कोरेकडे आहे. इ. स. ९८ च्या सुमारास रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की जर्मन टोळ्या चंद्र ‘सुरू होताना’ किंवा ‘भरताना’ सभा भरवतात आणि दिवस न मोजता रात्री मोजतात. (नवरात्र म्हणणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.)

फरक केवढा, ते २०२५-२६ च्या हिवाळ्यात बघा. वेळा भारतीय.
युती : २० डिसेंबर, सकाळी ७.१३
अयनदिन : २१ डिसेंबर, रात्री ८.३३
पौर्णिमान्त (पौर्णिमा संपते तो क्षण, फुल मून) : ३ जानेवारी, दुपारी ३.३३
पुढची युती : १९ जानेवारी, पहाटे १.२२
पुढचा पौर्णिमान्त : २ फेब्रुवारी, पहाटे ३.३९

‘न्यू मून’ म्हणजे युती धरली तर २० डिसेंबरची युती अयनदिनाच्या जेमतेम दीड दिवस आधी पडते, म्हणून बाद. पुढची १९ जानेवारीची, आणि यूल फेब्रुवारीच्या तोंडावर. कोर धरली तर? स्वीडनमधलं उप्साला सुमारे ६० उत्तर अक्षांशावर. तिथे डिसेंबरात कोवळा चंद्र क्षितिजाला चिकटून असतो, त्यामुळे कोर आपल्यापेक्षाही उशिरा दिसते, म्हणजे अयनदिन उलटल्यावरच. मग हाच महिना यूलचा आणि यूल ३ जानेवारीला संपणाऱ्या पौर्णिमेला. एका शब्दाने सण महिनाभर हलला.

गणितगंध :
मान्य. आणि कोरेला शब्द नव्याने घडवायची गरजच नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरात तो छापलेलाच असतो : ‘चंद्रदर्शन’. युतीला ‘अमावास्या-समाप्ती’.

ओवी :
‘बीज’ का नको? भाऊबीजेची कोर म्हटलं की कुणालाही डोळ्यांसमोर येते.

चंद्रकोर :
बीज म्हणजे नुसती द्वितीया, दोन्ही पक्षांतली. तुकाराम बीज फाल्गुन वद्यातली आहे. तेव्हाचा चंद्र जवळजवळ पूर्ण असतो आणि उगवतो रात्री. ‘शुद्ध बीज’ म्हटलं तरी कोर कधी प्रतिपदेला दिसते, कधी द्वितीयेला. तिथी गणिताची असते, कोर डोळ्याची.

पेरं :
आणि सगळ्या युरोपाचा महिना कोरेपासून लागायचा असंही धरू नका. गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) ड्रुइड पुरोहितांबद्दल रोमन लेखक प्लिनी सांगतो की त्यांचे महिने, वर्षं आणि तीस वर्षांची युगं चंद्राच्या सहाव्या दिवसापासून सुरू होतात. ओकवरचं बांडगूळही त्याच दिवशी काढायचं. म्हणजे थेट षष्ठी. फ्रान्समध्ये कोलिन्यी इथे १८९७ मध्ये सापडलेल्या काशाच्या पंचांगात ५ वर्षांचे ६२ महिने आहेत, म्हणजे दोन अधिक. प्रत्येक महिना मधोमध ‘आतेनू’ या शब्दाने तोडलाय.

ओवी :
अधिक महिन्यावरून. इंग्लंडच्या अँग्लो-सॅक्सन लोकांचं काय?

गणितगंध :
त्यांची माहिती बीडकडून मिळते. (मराठवाड्यातलं बीड नव्हे, ७२५ मध्ये कालगणनेवर ग्रंथ लिहिणारा नॉर्दम्ब्रियाचा ख्रिस्ती भिक्षू.) त्यांचं वर्ष २५ डिसेंबरला लागायचं, त्या रात्रीचं नाव ‘मोद्रानिख्त’, मातांची रात्र. अयनदिनाच्या अलीकडचा आणि पलीकडचा दोन्ही महिने ‘गिउली’, म्हणजे यूलच. उन्हाळ्यातले दोन ‘लिथा’. १२ चांद्रमास ३५४ दिवसांचे, म्हणून वर्षाला ११ दिवस मागे पडतात. ते भरून काढायला अधिक महिना आला की तिसरा लिथा घालायचे आणि त्या वर्षालाच ‘थ्रिलिथी’, तीन लिथांचं वर्ष, म्हणायचे. म्हणजे त्यांचा अधिक कायम उन्हाळ्यात. आपला ज्या चांद्रमासात संक्रांत पडत नाही तो, म्हणून फिरता : २०२३ मध्ये श्रावण, २०२६ मध्ये ज्येष्ठ. ‘थ्रिलिथी’ला नुसतं ‘अधिकमास’ लिहिलं तर हा फरक बुडतो. ‘उन्हाळी अधिक’ लिहा.

आणखी एक महिना भाषांतरात हटकून चुकतो : ‘विंटरफिलेथ’. लोक ‘हिवाळाभर’ असं काहीतरी करतात. बीडच्या सांगण्याप्रमाणे हिवाळा आणि पूर्ण चंद्र असे दोन तुकडे त्यात आहेत, कारण त्या महिन्याच्या पौर्णिमेपासून हिवाळा लागतो. वर्षाचे ऋतू त्यांच्याकडे दोनच, सहा-सहा महिन्यांचे.

अयनांश :
मग ‘फेस्टिव्हल’? विक्का या आधुनिक पेगन पंथात ‘सॅबॅट’ म्हणजे वर्षाचे उत्सव आठ : दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि त्यांच्या मधले चार. चंद्राच्या जमावाला ‘एस्बॅट’. दोन्हींना सणच म्हणायचं?

पेरं :
नको, मराठीत दोन वेगळे शब्द तयार आहेत. ‘सण’ आला ‘क्षण’वरून. ‘पर्व’ म्हणजे सांधा, गाठ. उसाचं पेर त्याच पर्वन्‌चं. पौर्णिमा आणि अमावास्या ही महिन्याची पेरं, म्हणून जुन्या भाषेत तीच पर्वं. सूर्यावर किंवा तारखेवर बसलेल्याला सण, चंद्रावर बसलेल्याला पर्व. सॅबॅट सण, एस्बॅट पर्व. यूलची तर गोष्टच या दोहोंतली आहे. तेराव्या शतकातला आइसलँडचा इतिहासकार स्नोरी याच्या म्हणण्याप्रमाणे आधी यूल मध्यहिवाळ्याच्या रात्री लागायची. दहाव्या शतकात नॉर्वेचा राजा हाकोन याने ती नाताळाच्या दिवसावर आणून बसवली. पर्वाचा सण झाला.

मधल्या चारांत मात्र जपून. त्यांतला साउन (इंग्रजीत Samhain) कोणी ३१ ऑक्टोबरला धरतं, कोणी सूर्य सायन वृश्चिकेच्या १५ अंशांवर आल्यावर, म्हणजे ७ नोव्हेंबरच्या आसपास, कोणी जवळच्या पौर्णिमेला. तिसऱ्या रीतीलाच पर्व म्हणा.

ओवी :
‘फुल मून’ला तरी पौर्णिमा बिनधास्त?

गणितगंध :
तिथेच बहुतेक फसतात. फुल मून हा क्षण आहे, पौर्णिमा ही तिथी, साधारण दिवसभराची, आणि तो क्षण तिच्या शेवटाला येतो. ४ डिसेंबर २०२५ ला आपल्याकडे पौर्णिमा होती, दत्तजयंती त्याच दिवशी. फुल मूनचा क्षण लंडनला ४ तारखेच्या रात्री ११.१४ वाजता, भारतात ५ तारखेच्या पहाटे ४.४४ वाजता. इंग्रजी कोष्टकातली तारीख उचलून मराठी कॅलेंडरशी ताडली की एक दिवस इकडे-तिकडे होणारच. परदेशातल्या मराठी घरांत भारतात छापलेलं कॅलेंडर लावून उपास केला की हीच गडबड.

अयनांश :
मग वाक्य असं करतो : ‘हिवाळी अयनदिनानंतर पहिलं चंद्रदर्शन होतं, त्या महिन्याच्या पौर्णिमेला यूल.’

चंद्रकोर :
‘पौर्णिमेच्या रात्री’ करा. ३ जानेवारी २०२६ चा तो क्षण स्वीडनमध्ये सकाळी ११ नंतरचा. तिथी तिथल्या घड्याळाप्रमाणे २ तारखेला दुपारी अडीचच्या आतबाहेर लागते. शेकोटी पेटवायची ती २ च्या रात्री. ३ च्या रात्री वद्य प्रतिपदा लागलेली असेल.