डोंगरातील स्नोमोबाइलसाठी संरक्षक साहित्य: काय अंगावर, काय पाठीवर, काय मशीनवर

दादा: सर्वांना नमस्कार. येत्या हिवाळ्यात आम्ही दोघे आखलेले मार्ग सोडून डोंगरातल्या मोकळ्या, भुसभुशीत बर्फात स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारे इंजिनाचे वाहन, चालवायला शिकणार आहोत. मशीन भाड्याने मिळेल, पण अंगावरचे साहित्य आपले आपणच घ्यावे असे ठरवले आहे. माझ्या यादीत सध्या चार गोष्टी आहेत: जाड अस्तराचा सर्वांत उबदार सूट, गरम होणाऱ्या काचेचे पूर्ण बंद हेल्मेट, जाड हातमोजे आणि उबदार बूट. अप्पा, तुम्ही अशा भागात बरीच वर्षे मशीन चालवले आहे. खरेदी करण्यापूर्वी ही यादी एकदा तपासाल का?

अप्पा: तुझी यादी दाबून सपाट केलेल्या मार्गावरून तासन्‌तास बसून जाणाऱ्याला योग्य आहे. डोंगरात तिचा उपयोग कमी आणि अडचण जास्त होईल. तिथे चालक फारसा बसतच नाही. तो पायफळ्यांवर उभा राहतो, उतारावर मशीन आडवे नेताना सगळे वजन एका फळीवर टाकून ते कलते धरतो, आणि ते रुतले की कमरेइतक्या बर्फात उतरून खणून काढतो. इंधनासह या मशीनचे वजन 200 किलोच्या पुढे जाते, त्यामुळे एकदा रुतलेले मशीन मोकळे करेपर्यंत माणूस घामाने भिजतो. म्हणून सूट किती उबदार आहे हे पाहण्याआधी तो घामाची वाफ किती बाहेर सोडतो हे पाहावे.

माझी निवडीची कसोटी एकच आहे. मशीन माझ्यापासून सुटून दरीत गेले, किंवा मी एका बाजूला आणि ते दुसऱ्या बाजूला बर्फाखाली गेले, तर त्या क्षणी ही वस्तू माझ्याजवळ असेल का? जीव वाचवणारी प्रत्येक वस्तू अंगावर किंवा पाठीवर हवी. मशीनवरच्या पिशवीत फक्त सोयीच्या वस्तू ठेवाव्यात.

ताई: कपड्यांविषयी वैद्यकीय बाजूने थोडे लिहिते. थंडीत भिजलेला कपडा अंगातली उष्णता फार लवकर ओढून घेतो, आणि तो बाहेरच्या बर्फाने भिजला की आतल्या घामाने, याने शरीराला काही फरक पडत नाही. त्यात वाऱ्याची भर पडते: तापमान उणे 10 अंश असताना ताशी 50 किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला उणे 22 अंशांसारखा लागतो, आणि चालत्या मशीनवर हा वारा आपला वेगच तयार करतो. म्हणून अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा. सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स पूर्णपणे टाळावेत, कारण सुती कापड पाणी धरून ठेवते आणि भिजल्यावर त्याची ऊब जवळजवळ संपते.

अप्पा: ताईने सांगितलेल्या थरावर, थंडी पाहून, मधला एक पातळ उबदार थर घ्यावा आणि सर्वांत वर अस्तर नसलेले, पाणी व वारा अडवणारे कवच घालावे. जाकीट आणि छातीपर्यंत येणारी पँट असा जोड चालतो, किंवा एकसंध सूटही चालतो; एकसंध सूटमध्ये कमरेतून बर्फ आत शिरत नाही. कापडाच्या चिठ्ठीवर पाणी अडवण्याचा आकडा 20,000 मिलिमीटरच्या आसपास असेल तर रुतलेल्या मशीनशेजारी गुडघे टेकून काम करतानाही ओल आत येत नाही. काखेत आणि मांड्यांवर वाफ सोडणाऱ्या चेन असाव्यात, आणि त्या हातमोजे घालूनही उघडता आल्या पाहिजेत. वेगळी ठेवायची एक घडीची जाड जाकीट पाठीवरच्या पिशवीत असू द्यावी. थांबल्याबरोबर ती घालावी, चढण सुरू करताना काढावी. रंग भडक घ्यावा. पांढरे किंवा करडे कपडे बर्फात आणि धुक्यात दिसत नाहीत, आणि मागून येणाऱ्या सोबत्याला आपण दिसणे हेही संरक्षणच आहे.

वहिनी: हेल्मेटचे काय? मला बंद काचेचे हेल्मेट सुरक्षित वाटते, कारण चेहरा पूर्ण झाकला जातो. दुकानात मात्र डोंगरासाठी पुढे लांब हनुवटी असलेले, काच नसलेले, गॉगल लावून वापरायचे हेल्मेट सुचवले. डोंगरावर बर्फात घसरण्याच्या खेळाचे एक हलके हेल्मेटही माझ्याकडे आधीपासून आहे. ते चालेल का?

अप्पा: तुझ्याकडचे हलके हेल्मेट अजिबात वापरू नकोस. ते वेगळ्या प्रकारच्या आघातासाठी तपासलेले असते. इथे मोटारवाहनासाठी तपासलेले हेल्मेट हवे, म्हणजे ज्यावर ईसीई 22.06 (युरोपीय मानक) किंवा डीओटीची (अमेरिकी मानक) खूण आहे असे. ईसीई 22.06 मध्ये डोक्याला तिरका धक्का बसून ते गरकन फिरण्याचीही चाचणी होते, आणि झाडाला किंवा खडकाला आपटताना धक्का बहुधा तिरकाच बसतो.

दुकानात दिलेला सल्ला योग्य आहे. श्रम करताना श्वास जोराने चालतो आणि बंद काच, गरम होणारी असली तरी, धूसर होऊ लागते. गॉगलच्या हेल्मेटमध्ये श्वास खाली आणि पुढे निघून जातो. गॉगल दुहेरी काचेचा असावा, आणि दुसरा कोरडा गॉगल पिशवीत असलाच पाहिजे, कारण एकदा तोंडावर पडलात की पहिला आतून बर्फाने भरतो. ढगाळ दिवसासाठी पिवळसर किंवा गुलाबी काच घ्या. सपाट उजेडात खड्डा आणि उंचवटा यांतला फरक गडद काचेतून कळत नाही. हेल्मेट घेताना गॉगल लावूनच घालून पाहा. गालांवर सर्व बाजूंनी सारखा दाब हवा आणि मान हलवल्यावर हेल्मेट वेगळे फिरता कामा नये.

वहिनी: छाती आणि पाठीचे कवच घ्यावे का, की एअरबॅगची, म्हणजे हिमस्खलनात दांडी ओढल्यावर फुगणारी, पिशवी पाठीवर असल्यावर वेगळे कवच लागत नाही?

अप्पा: घ्यावे. डोंगरात चालक अचानक थांबलेल्या मशीनच्या हँडलवर किंवा पुढच्या काचेवर छातीने आदळतो, किंवा उतारावरून घरंगळणारे मशीन त्याच्या अंगावर येते. पिशवी या दोन्हींपासून वाचवत नाही. पाठीच्या कवचावर युरोपीय मानकाची ईएन 1621-2 आणि छातीच्या कवचावर ईएन 1621-3 अशी खूण पाहा. पाठीच्या मानकात दोन पातळ्या आहेत: ठरलेल्या आघातानंतर कवचाच्या पलीकडे पोहोचणारे बल पहिल्या पातळीत सरासरी 18 किलोन्यूटनपर्यंत आणि दुसऱ्या पातळीत 9 किलोन्यूटनपर्यंत मान्य असते. आकडा कमी तितके पाठीपर्यंत कमी पोहोचते, म्हणून दुसरी पातळी घ्यावी, जर ती घालून वाकता येत असेल तर. अंगाला टोचणारे कवच माणूस दुपारी काढून ठेवतो आणि मग ते नसल्यासारखेच असते. स्त्रियांसाठी छातीचा भाग वेगळ्या घडणीचा मिळतो. वहिनी, तोच घे, आणि पाठीची लांबी खांद्यापासून कमरेपर्यंत मोजूनच माप ठरव.

गुडघ्यांना बिजागरीचे कवच मी आवर्जून सुचवेन, कारण हँडलखाली गुडघा आपटणे रोजचेच असते. मानेच्या कॉलरबद्दल मी आग्रह धरणार नाही. काहींना तो आवडतो, पण उतारावर वर-खाली पाहताना आणि पाठीवर पिशवी असताना तो अडतो. पैसे मोजकेच असतील तर ते आधी इतरत्र खर्च करावेत.

दादा: बूट आणि हातमोजे?

अप्पा: बूट घोट्याला घट्ट आणि तळाला खोल खाचांचे हवेत, म्हणजे पायफळीवर पाय सरकत नाही. मशीन बंद पडल्यास याच बुटांनी चालत परतायचे आहे, हे लक्षात ठेवून दुकानात दहा पावले तरी चढून-उतरून पाहा. पातळ हातमोजे चालवायला, जाड हातमोजे थांबायला, आणि एक कोरडा जोड राखीव. हँडल गरम होते, त्यामुळे चालवताना फार जाड हातमोजे लागत नाहीत आणि पकडही चांगली राहते.

ताई: आता ज्या विषयाची मला सर्वांत जास्त काळजी आहे, त्याकडे वळू या. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस पहिल्या 10 ते 15 मिनिटांत बाहेर काढला तर बहुतेक वेळा वाचतो. अर्ध्या तासानंतर ही शक्यता फार घसरते. कॅनडातील हिमस्खलन-मृत्यूंच्या 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू गुदमरून आणि सुमारे एक-चतुर्थांश आघाताने झालेले आढळले. म्हणजे कवच आणि हेल्मेट एका भागाचे उत्तर आहे, आणि मोठ्या भागाचे उत्तर जवळच्या सोबत्याच्या हातात आहे. बाहेरची मदत इतक्या लवकर पोहोचत नाही.

अप्पा: त्यासाठी तीन वस्तू लागतात आणि त्या प्रत्येकाकडे हव्यात: ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाची जागा शोधणारा रेडिओ संच), बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची शोधकाठी आणि फावडे. ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्‌झवर संदेश सोडतो आणि ऐकतो. ही वारंवारता सगळीकडे एकच असल्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकमेकांना सापडतात. तीन अँटेनांचा डिजिटल संच घ्या. तो पिशवीत किंवा मशीनवर कधीच ठेवू नये. त्याच्या पट्ट्यांनी जाकिटाखाली अंगाला बांधावा. फोन, रेडिओ आणि कॅमेरा त्याच्यापासून संदेश सोडताना किमान 20 सेंटिमीटर आणि शोध घेताना किमान 50 सेंटिमीटर दूर हवेत. विजेवर तापणारे जाकीट किंवा हातमोजे घ्यायचा मोह होतो, पण तेही या संचात अडथळा आणू शकतात, म्हणून मी ते वापरत नाही. चालू इंजिनाचाही त्रास होतो. शोध घेताना मशीन बंद करून त्यापासून दूर जावे.

शोधकाठी 240 सेंटिमीटरपेक्षा कमी नको, शक्यतो 300 सेंटिमीटरची घ्या. फावडे धातूचेच हवे, कारण घसरून थांबलेला बर्फ दगडासारखा घट्ट बसतो आणि प्लॅस्टिकचे पाते त्यात वळते. एक मीटर खोल गाडलेल्या माणसासाठी टनाच्या आसपास बर्फ उपसावा लागतो. काठी आणि फावडे, दोन्ही पाठीवर. मशीनवरच्या पिशवीत ठेवलेले फावडे मशीनबरोबरच गाडले जाते.

दादा: आणि एअरबॅग? ती असल्यावर माणूस गाडलाच जात नाही, असे मी ऐकले आहे.

अप्पा: तसे समजू नकोस. घमेल्यात वाळू आणि खडी एकत्र हलवली की मोठे खडे वर येतात; फुगलेल्या पिशवीमुळे माणूस वाहत्या बर्फात असाच मोठा होतो आणि वर राहण्याची शक्यता वाढते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिमस्खलनात गंभीररीत्या अडकलेल्यांमधील मृत्यूंचे प्रमाण फुगलेल्या एअरबॅगमुळे सुमारे 22 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर आले. त्याच अभ्यासात पाचांपैकी एका वेळेला बॅग फुगलीच नव्हती, आणि त्याचे मुख्य कारण चालकाने दांडी न ओढणे हे होते. झाडे, खडक आणि खाली बर्फ साचणारी घळ, यांच्यापुढे एअरबॅगचा उपयोग फार मर्यादित आहे.

म्हणून बॅग घेताना आधी दांडी पाहा. स्नोमोबाइलचा वेग उजव्या अंगठ्याने नियंत्रित होतो. दांडी डाव्या हाताने ओढता आली तर उजवा हात वेग देत बाजूला पळण्याचा प्रयत्न करू शकतो. हेल्मेट, कवच आणि हातमोजे घालून ती हाताला सापडते का, हे दुकानातच पाहा. मांडीतून जाणारा पट्टा प्रत्येक वेळी बांधायचा, नाहीतर फुगलेली बॅग डोक्यावरून निघून जाते. दाबलेल्या वायूच्या नळीची बॅग हलकी असते, पण एकदा फुगवल्यावर नळी बदलावी लागते. विजेच्या पंख्याची बॅग पुनःपुन्हा फुगवून सराव करता येतो. नवशिक्यासाठी सरावाला महत्त्व आहे, म्हणून तुम्हा दोघांना मी दुसरी सुचवेन.

माई: मी सगळे वाचते आहे. मला एक विचारायचे आहे. इतके सगळे अंगावर चढवल्यावर, एरवी ज्या उतारावर तुम्ही गेला नसता, तिथे जाण्याचे धाडस होणार नाही ना?

अप्पा: माई, हा प्रश्न प्रत्येक फेरीआधी विचारण्यासारखा आहे. आपल्या पिशवीत काही नाही असे समजूनच उतार निवडायचा, असे मी यांना सांगतो. 30 ते 45 अंशांचे उतार हिमस्खलनासाठी सर्वांत धोक्याचे असतात. त्या दिवशीचा इशारा वाचल्याशिवाय अशा उतारावर, किंवा त्याच्या खालीही, जायचे नाही. एका वेळी एकाच माणसाने उतारावर जायचे आणि कुणी वर रुतला तरी दुसऱ्याने त्याच उतारावर चढायचे नाही. साहित्य मी इतक्या काटेकोरपणे निवडायला सांगतो, कारण काळजी घेऊनही अंदाज चुकू शकतो.

माई: मग वहिनी, निघण्याआधी इशाऱ्यात काय लिहिले आहे ते तू मला पाठवायचेस. दादा विसरतो.

वहिनी: नक्की पाठवेन, माई.

दादा: तर सुधारलेला क्रम असा लावतो. आधी ट्रान्सीव्हर, शोधकाठी, फावडे आणि त्यांचे प्रशिक्षण, मग हेल्मेट आणि दोन गॉगल, मग छाती-पाठीचे कवच, मग एअरबॅग, आणि कपड्यांत अस्तर नसलेले कवच व लोकरीचे थर. वापरलेल्या वस्तू घेतल्या तर चालतील का?

अप्पा: क्रम योग्य आहे. जाकीट, पँट आणि बूट वापरलेले चालतील, शिवण आणि तळ तपासून घे. हेल्मेट वापरलेले नको, कारण त्याने आधी किती मार खाल्ला हे बाहेरून कळत नाही. जुना ट्रान्सीव्हरही नको. मशीन भाड्याने घेताना त्याची बंद करणारी दोरी आहे का हे पाहा. ती अंगाला अडकवली की चालक पडताच इंजिन बंद होते आणि मशीन एकटे पुढे धावत नाही. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे छोटे यंत्र, डोक्यावरचा दिवा, काडेपेटी किंवा लायटर, आणि रात्र काढता येईल अशी पातळ संकटकालीन पिशवी पाठीवर घ्या. संदेशाचे यंत्र ट्रान्सीव्हरपासून दूर, दुसऱ्या बाजूला अडकवा.

दादा: ट्रान्सीव्हरमध्ये घरातले पुन्हा भरता येणारे सेल चालतील?

अप्पा: संचाच्या पुस्तिकेत सांगितलेलेच सेल घाल, बहुतेक संचांना अल्कलाइन सेल लागतात, आणि पुन्हा भरता येणारे सेल घातले तर उरलेल्या शक्तीचा आकडा खोटा दिसू शकतो. मोसम संपला की सेल काढून ठेव, नाहीतर ते गळून आतले संपर्क खराब करतात. आणि मशीन सुरू करण्याआधी दोघांचेही संच संदेश सोडतात आणि ऐकतात का, हे एकमेकांसमोर उभे राहून तपासा.