गाडी चमकवणारी पेट्रोलियम द्रावणे वापरावीत का?

चिंचवडकर (धागाकर्ता):
टायरला काळी झळाळी देणारे द्रव, डांबराचे डाग काढणारे फवारे आणि डब्यातले पॉलिश यांपैकी बऱ्याच वस्तूंच्या वेष्टणावर बारीक अक्षरांत ‘पेट्रोलियम डिस्टिलेट्स’ असे छापलेले असते. हे रॉकेलच्या जातीचे, हवेत उडून जाणारे द्रावक असून सिलिकॉन किंवा मेण सारखे पसरवून नाहीसे होणे एवढेच त्यांचे काम असते. सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये, जिथे हवा खेळत नाही, तिथे पहाटे गाड्या पुसणारी मुले ती वाफ रोज श्वासात घेतात. पाण्यावर आधारित पर्याय बाजारात असताना अशी द्रावणे वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सौम्य आम्ल:
पेट्रोलियम म्हटले की विष, हे समीकरण मला मान्य नाही. ओठ फुटल्यावर आपण जे व्हॅसलीन लावतो, तेही खनिज तेलापासूनच मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवली आहेत ती अशुद्ध किंवा अर्धवट शुद्ध केलेली खनिज तेले. अतिशुद्ध तेलांवर तो शिक्का नाही. उलट ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे, संत्र्याच्या सालीतले लिमोनीन (एक द्रावक) हवेशी संयोग पावल्यावर त्वचेला ॲलर्जी आणू शकते आणि जलचरांनाही ते घातक असते. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण निसर्गदत्त खरे, पण ते मऊ करून डब्यात भरताना बहुधा हाच पेट्रोलियम द्रावक वापरतात.

चिंचवडकर:
व्हॅसलीन उडून जात नाही, त्यामुळे ते उदाहरण इथे गैरलागू आहे. माझा आक्षेप पदार्थाच्या उगमाला नसून श्वासात जाणाऱ्या वाफेला आहे. 1999-2000 च्या सुमारास कॅलिफोर्नियातील काही मोटार मेकॅनिकांच्या हातापायांना बधिरपणा आणि अशक्तपणा आल्याचे आढळले, आणि त्याचा संबंध ब्रेक साफ करण्याच्या फवाऱ्यातील हेक्झेन या पेट्रोलियम द्रावकाशी जोडला गेला. शरीरात हेक्झेनपासून तयार होणारा एक घटक नसांना इजा करतो, हे वैद्यकशास्त्राला आधीपासून ठाऊक होते.

सौम्य आम्ल:
तेच उदाहरण पुढे नेतो. हेक्झेनचे फवारे गॅरेजांत आले ते क्लोरिनयुक्त द्रावकांना पर्याय म्हणून! तेव्हा ‘पर्याय आहेत’ एवढे म्हणून भागत नाही. त्या पर्यायात काय आहे, तेही तपासावे लागते. शिवाय दिवसभर फवारा मारणारा कामगार आणि महिन्यातून एकदा अंगणात, उघड्यावर पॉलिश करणारा मालक यांना एकाच तराजूत तोलू नये.

चिपळूणचा गॅरेजवाला:
दोघांचीही चर्चा पॉलिशच्या डब्याभोवती फिरते आहे. आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी गंज लागू नये म्हणून गाडीच्या खालच्या भागावर सर्रास डिझेल फवारून घेतात. त्याने रबरी बुश फुगून खराब होतात, फवारणाऱ्याच्या नाकातोंडात तुषार जातात, तरीही गिऱ्हाईक हट्ट सोडत नाही. पाण्यावर आधारित टायर पॉलिश मी ठेवून पाहिले. कोकणातल्या पहिल्या सरीत ते धुऊन जाते. आणखी एक गोष्ट, उरलेला द्रावक पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नये. लहान मुलाने चुकून प्यायला, तर तो फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. अशा वेळी उलटी करवणे अधिकच धोक्याचे असते.

नदीकाठ:
माणसाच्या पलीकडेही पाहायला हवे. हे द्रावक वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांशी उन्हात संयोग पावून जमिनीलगत श्वासाला अपायकारक ओझोन तयार करतात. रंग, सफाईची द्रावणे, अत्तरे अशा रोजच्या वापरातील रसायनांचा शहरी हवेतील वाटा आता वाहनांच्या धुराच्या तोडीचा आहे, असे 2018 मध्ये लॉस एंजेलिससंदर्भातील संशोधनात दिसून आले होते. पाण्याची गोष्ट तर आणखी सरळ आहे. पावसाळी गटारातले पाणी सहसा कोणत्याही प्रक्रियेविना नाल्यात आणि तिथून नदीत जाते, त्यामुळे गाडी धुण्याच्या जागी तेल वेगळे करणारी टाकी हवीच. गॅरेजवाल्यांनी डिझेल फवारताना एवढे तरी पथ्य पाळावे.

चिपळूणचा गॅरेजवाला:
टाकी मी बांधली आहे, आणि तिच्यातले तेल वेगळे काढून परवानाधारकालाच देतो. तळघरातील पार्किंगमध्ये बादलीभर पाण्यात फडके पिळले जाते, ते पाणी कोणत्या टाकीत जाते, हे मात्र चिंचवडकरांनी सांगावे.