कुणी ऐकवलेलं गाणं, कुणासोबत काढलेलं चित्र: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती
कपाट आवरताना एक कॅसेट सापडली. ९० मिनिटांची, म्हणजे एका बाजूला ४५. कव्हरवर मैत्रिणीच्या बारीक अक्षरात गाण्यांची यादी आणि कोपऱ्यात "शेवटचं अर्धंच आलंय, टेप संपली". वाचूनच गलबलून आलं. तेव्हा एक कॅसेट भरायची म्हणजे दीड तास तिथेच बसायचं, प्ले आणि रेकॉर्ड एकदम दाबायचं, गाणं संपलं की लगेच पॉज. मी नापास झाले होते, घरात कुणाशी बोलत नव्हते, तेव्हा तिने ही आणून दिली. समजूत वगैरे काही घातली नाही, नुसती हातात ठेवली आणि गेली. कितीतरी रात्री उशाशी लावून झोपले मी. ते अर्धं गाणं आता फोनवर पूर्ण ऐकता येतं, पण त्या ओळीपाशी आलं की अजून वाटतं, आता खट् होणार.
तुम्हाला कुणी असं काही दिलंय? तुम्ही कुणाला? लिहा ना.

मंद्र
नुसती ठेवली आणि गेली... हे फार आवडलं.

जुनीटेप
ताई आधी एक सांगतो, ती कॅसेट लगेच लावू नका!! टेपवर पांढरी बुरशी दिसतेय का बघा, असेल तर अजिबात लावायची नाही, प्लेअरपण खराब होतो. नसेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, इतकी वर्षं पडून टेपचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. मधला फेल्टचा छोटा तुकडा जागेवर आहे ना तेही बघा, त्याचा गोंद सुकून तो गळून पडतो. आणि पहिल्यांदा लावाल तेव्हाच फोनवर कॉपी करून ठेवा. अनुभव नंतर लिहितो, कामावर आहे.

शब्दवेडी
बाबांना स्ट्रोक आला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, शब्द बाहेर येईनात, चिडायचे, रडायचे. एक दिवस आई पांघरूण सारखं करताना गुणगुणत होती आणि बाबांनी पुढची ओळ म्हटली. शब्दांसकट. आई तशीच उभी, हातात पांघरूण. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचं काम डावीकडे जास्त चालतं, गाण्यात उजवी बाजूही लागते, म्हणून डावीकडे इजा झाली तरी काहीजण गाऊ शकतात, आणि याच्यावरच बेतलेली थेरपी १९७० च्या दशकापासून आहे. छोटी छोटी वाक्यं चालीवर म्हणायची आणि डाव्या हाताने ताल धरायचा. "पाणी दे" हे बाबांनी आधी गाऊन मागितलं. सगळं बोलणं परत नाही आलं, खोटं कशाला सांगू. पण रोज संध्याकाळी आई सुरू करते आणि बाबा पुरं करतात. लग्नाला ४१ वर्षं झाली त्यांच्या, एकत्र गाताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

मंद्र
@शब्दवेडी डोळे भरून आले गं. आईला नमस्कार सांग.

कागदपेन्सिल
गाण्यातलं मला कळत नाही पण चित्राचं चालेल ना? मी आणि धाकटी बहीण एकच स्केचबुक पोस्टाने पाठवतो एकमेकींना. डावं पान तिचं, उजवं माझं. नियम एकच, समोरच्या पानावरची एक तरी रेघ पुढे न्यायची. मध्ये आमचं वाजलं होतं, सात महिने अबोला. तेव्हाही वही येत होती. एकदा तिने नुसती रिकामी खुर्ची काढून पाठवली. मी दोन दिवस त्या पानाकडे बघत बसले आणि मग फोन केला.

एकटाजीव
मला खरंच प्रश्न पडतो, वाटून का घ्यायचं? मी एकटा डोळे मिटून ऐकतो तेव्हाच गाणं माझं होतं. कुणी शेजारी असलं की त्याला आवडतंय का इकडेच लक्ष.

धागाकर्ती
@एकटाजीव पटतं की. मीही ती कॅसेट एकटीच ऐकायचे. पण निवडून दिली तिने ना, त्यामुळे एकटी नव्हतेच मी.

तिसरासूर
आम्ही पंचवीसजण कोरसमध्ये गातो. लांब सूर धरायचा असला की सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, शेजारचा घेतो तेव्हा मी धरायचा, मी घेतो तेव्हा त्याने. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. २०१३ मध्ये स्वीडनमध्ये एक अभ्यास झाला होता, एकत्र गाताना श्वास एका लयीत येतात म्हणून हृदयाचे ठोकेही एकत्र कमीजास्त होतात. माझा भाऊ गेला त्या आठवड्यात मी प्रॅक्टिसला गेलो, घशातून आवाजच निघेना. कुणी काही विचारलं नाही. माझ्या वाटचा सूर दोन्ही बाजूच्यांनी धरला, तीन आठवडे.

मंद्र
🙏

जुनीटेप
आलो परत. १९७९ चा पहिला वॉकमन आठवतोय का कुणाला? त्याला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी ऐकायला! आणि एक केशरी बटण, ते दाबलं की गाणं हळू होऊन एकमेकांशी बोलता यायचं. माझ्या मामाकडे होता. मी आणि मामेभाऊ गच्चीवर आडवे, बटण कुणी दाबायचं यावरून मारामारी, बोलायला काही नसायचंच.

कागदपेन्सिल
हाहा आम्ही एका इअरफोनचे दोन कान वाटून घ्यायचो. तिच्याकडे गाणं, माझ्याकडे नुसती वाद्यं असं कधीकधी व्हायचं. मग अदलाबदल.

नभांगण
या सगळ्यावरून व्हॉयेजर आठवलं. १९७७ मध्ये नासाची दोन यानं अंतराळात गेली, दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी, तिकडे कुणी असलंच तर त्यांनी ऐकावी म्हणून, त्यात सुमारे ९० मिनिटांचं जगभरचं संगीत, आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीसुद्धा. दुसरं यान सुटलं त्याच सप्टेंबरमध्ये केसरबाई गेल्या. मुलाला हे सांगितलं तर म्हणाला, ऐकणारं कुणी नसेल तर? म्हटलं तरी पाठवायची.

धागाकर्ती
९० मिनिटं! माझ्या कॅसेटएवढीच की!!
@जुनीटेप बुरशी नाहीये, फेल्ट आहे जागेवर. शेजाऱ्यांकडे प्लेअर मिळाला, पुढेमागे गुंडाळून लावली. दुसऱ्या गाण्याच्या आधी ती खोकल्याचं ऐकू आलं, मी विसरलेच होते तो खोकला. तेवढंच कापून तिला पाठवलंय. दोन निळ्या टिका दिसतायत, टायपिंग दिसतंय आणि थांबतंय...

शब्दवेडी
मग?? काय म्हणाली?